'पित्त झालंय' म्हणण्याआधी

खानदेशात पोटाच्या बहुतेक दुखण्यांना दोनच नावं आहेत, पित्त आणि गॅस. छातीत जळजळलं तर पित्त, डोकं धरलं तरी पित्त. पोट टम्म झालं तर गॅस, पाठीत चमक निघाली तरी गॅस. डॉक्टरांनी "काय होतंय?" म्हणून विचारलं की "पित्त व्हयेल शे" असं उत्तर तयार असतं. म्हणजे काय होतंय ते सांगायच्या आधीच आपण निदान करून टाकलेलं असतं. समोर पन्नास रुग्णांची रांग असलेला डॉक्टरही मग गोळ्यांची एक पट्टी लिहून देतो. आठवडाभर बरं वाटतं, पट्टी संपते, दुखणं परत येतं, आणि पुढच्या वेळी दवाखाना टाळून ती पट्टी थेट मेडिकलवरून आणली जाते. अशी दोन-दोन वर्षं जातात. जळगाव-धुळ्याकडच्या वाचकांसाठी हा लेख मुख्यतः त्या दोन वर्षांबद्दल आहे. पोटाचे पुष्कळसे आजार आज पूर्ण बरे होतात, पण त्यासाठी ते वेळेत ओळखावे लागतात.

दवाखान्यात जाण्याआधी एका कागदावर चार-सहा गोष्टी लिहून न्या. दुखतं नेमकं कुठे, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. उपाशीपोटी दुखतं की जेवल्यावर? दुखण्याने रात्री झोपमोड होते का? करपट ढेकर येतात, आंबट पाणी घशाशी येतं, की घास गिळताना अडकतो? शौचाची सवय हल्ली बदलली का, तिचा रंग कसा आहे? न ठरवता वजन घटलं आहे का? वजनकाटा नसेल तर पॅन्टचा पट्टा किंवा ब्लाउज सैल झाला का, ते आठवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, पिशवीत घालून न्या. सांधेदुखीच्या, रक्त पातळ करण्याच्या, मधुमेहाच्या, वैदूने दिलेल्या पुड्यासुद्धा. या एका पिशवीने पोटाचं निम्मं निदान होतं, असं म्हटलं तरी चालेल.

मिरचीवरचा आळ आणि खरा दोषी

आपल्याकडे अल्सरचा दोष शेवभाजीच्या तर्रीवर आणि ठेच्यावर टाकला जातो. तिखटाने जळजळ वाढते हे खरं. रात्री अकराला ढाब्यावर शेवभाजी किंवा शेतात भरीत पार्टी झाली आणि लगेच अंथरुणावर आडवं झालं, तर जठरातलं आम्ल वर घशाकडे येणारच. त्याला उपाय साधा आहे. रात्रीचं जेवण झोपण्याच्या अडीच-तीन तास आधी घ्यावं, पोटभर न घेता थोडं कमी घ्यावं, पलंगाची डोक्याकडची बाजू वीटभर उंच करावी, तंबाखू आणि दारू सोडावी, पोटाचा घेर कमी करावा. पण जठरात किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी जखम होते, म्हणजे अल्सर होतो, तो मिरचीमुळे नव्हे. त्याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी 1982 साली तो जठरात शोधून काढला, तेव्हा जगातले बहुतेक डॉक्टर त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. एवढ्या आम्लात जंतू जगेलच कसा, असा आक्षेप होता. शेवटी मार्शल यांनी 1984 मध्ये जंतूंनी भरलेलं द्रावण स्वतः प्यायलं, आजारी पडले, आणि जठराला आलेली सूज तपासून दाखवली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेकदा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरातून किंवा दूषित पाण्यातून पोटात जातो. आपल्या देशात तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. बहुतेकांना तो काही त्रास देत नाही, काहींना मात्र अल्सर करतो आणि थोड्यांच्या बाबतीत पुढे जठराच्या कॅन्सरलाही कारण ठरतो.

तो आहे की नाही हे श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत कळतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जंतू असूनही तपासणी 'नाही' म्हणू शकते. म्हणून या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद ठेवावी लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. जंतू सापडला तर सहसा चौदा दिवसांचं औषध असतं. तोंड कडू होतं, मळमळतं, पाचव्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि लोक गोळ्या सोडतात. अर्धवट सोडलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. कोर्स पूर्ण करा, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी तो खरंच गेला का, हे पुन्हा तपासून घ्या.

दुसरं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. ते आपल्या भागात जास्त बघायला मिळावं अशी परिस्थिती आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड डोक्या-खांद्यावर वाहणारा मजूर, दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, गुडघे झिजलेली आजी, सगळ्यांचं अंग दुखतं. मेडिकलवर "एक दुखण्याची, एक गॅसची" अशी जोडी पाच-दहा रुपयांत मिळते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दुखणं मारतात, पण जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारं रसायनही त्याच थांबवतात. दोन-चार दिवस घेतली तर निरोगी तरुणाला सहसा काही होत नाही. रोज, महिनोनमहिने, तेही साठीनंतर किंवा ॲस्पिरिनच्या जोडीला घेतली तर अस्तर सोलवटतं आणि जखमेतून रक्त वाहू लागतं. गंमत म्हणजे दुखणं मारणारी गोळी पोटाचं दुखणंही दाबते. त्यामुळे कधीकधी पहिली खूण म्हणून थेट रक्तच दिसतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. ती वेदनाशामकासोबत पोटात गेली तर धोका आणखी वाढतो.

त्या रक्ताची खूण ओळखायला शिकणं ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजा. जठरातून वाहिलेलं रक्त शौचातून सहसा लाल दिसत नाही. ते काळं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळीने शौच काळसर होते, पण ती चिकट नसते आणि तो वास नसतो. अमळनेर किंवा साक्री तालुक्यातला साठीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. चार दिवस शौचाला काळं होतंय, उभं राहिलं की चक्कर येते, आणि घरचे म्हणतात, उन्हाचं झालं, लिंबूपाणी द्या. त्याच्या अंगातलं रक्त घटत असतं. काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा, तोंडाने काही देऊ नये, आणि जिथे रक्तपेढी व दुर्बीण दोन्ही आहेत अशा रुग्णालयात न्यावं.

आम्ल कमी करणारी गोळी वाईट नाही, ती चुकीची घेतली जाते. ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर घेतलेली गोळी तेवढं काम करत नाही. बहुतेकांना ती चार ते आठ आठवडे पुरते. त्यापुढेही लागत असेल, तर ती का लागते हे शोधणं गरजेचं आहे.

गॅस जो गॅस नसतो

छातीच्या मध्यभागी दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, जिना चढल्यावर वाढणारी 'ॲसिडिटी' ही हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा आणि थकवा एवढंच दिसू शकतं. चाळिशीनंतर असं पहिल्यांदा होत असेल तर सोडा-लिंबू पिऊन ढेकर येण्याची वाट बघत बसू नका. आधी ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील तेवढं थांबा, कारण पहिल्या ईसीजीत कधीकधी काही दिसत नाही.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक सावधगिरी. कपाशीवर औषध मारून आलेल्या माणसाला पोटात मुरडा, उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या तर ते बाहेरच्या खाण्याने झालेलं नाही, ती विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी मुद्दाम करवू नका, आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच रुग्णालय गाठा. बाटलीवरच्या नावावरून उतारा ठरतो.

बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, चालताना झटका बसल्यासारखं दुखलं तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणं, शेक देणं किंवा जुलाबाचं औषध पिणं अशा वेळी जिवावर बेतू शकतं.

कोणत्या डॉक्टरकडे?

'पोटविकार तज्ज्ञ' ही पाटी बऱ्याच दवाखान्यांवर दिसते. पाटीपेक्षा नावाखालची पदवी वाचा. एम.डी. मेडिसिन म्हणजे फिजिशियन. पित्ताचा त्रास, जुलाब, साधी कावीळ, फॅटी लिव्हर हे सगळं ते उत्तम बघतात. एम.एस. जनरल सर्जरी म्हणजे अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध यांची शस्त्रक्रिया करणारे. डी.एम. किंवा डॉ.एन.बी. गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी म्हणजे एम.डी.नंतर आणखी तीन वर्षं फक्त पचनसंस्था आणि यकृत शिकलेले, दुर्बिणीतून उपचार करणारे. आणि एम.सीएच. गॅस्ट्रो सर्जरी म्हणजे अन्ननलिका, यकृत, स्वादुपिंड अशा अवघड शस्त्रक्रिया करणारे. प्रत्येक करपट ढेकरेला डी.एम. डॉक्टर लागत नाही. पण पुन्हा पुन्हा होणारा रक्तस्राव, लिव्हर सिरॉसिस, पित्तनलिकेत अडकलेला खडा, महिनोनमहिने चालणारे रक्त-आवेचे जुलाब, गिळताना अडकणारा घास, यांसाठी मात्र तोच दरवाजा गाठा.

आपल्याकडे अजून एक घाई होते. थोडं काही झालं की रात्रीची गाडी पकडून थेट मुंबई. जळगाव ते मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरहून जास्त आहे, धुळ्याहून नाशिकही दीडशेच्या पुढे. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाने जायला हरकत नाही, पण जाण्याआधी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी इथेच करून फाईल बांधा, नाहीतर तिथे पहिले चार दिवस त्यातच जातात. रक्त वाहत असलेल्या रुग्णाला मात्र असं नेऊ नका. धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जळगावला लोक ज्याला अजूनही 'सिव्हिल' म्हणतात तिथे 2018 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी शिकू लागली. फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त एका छताखाली मिळतं ते अशाच ठिकाणी. आधी सलाईन, रक्त देऊन रुग्ण सावरला की मग पुढे पाठवायचं का, ते डॉक्टरांबरोबर ठरवा.

खर्चाबद्दल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया व दुर्बिणीचे उपचार तिच्यात बसतात. दाखल होण्याच्या वेळीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. बिल झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. योजनेचा मदत क्रमांक 155388.

दुर्बिणीची भीती

"नळी घालतात" या दोन शब्दांनी लोक हादरतात. वरची एन्डोस्कोपी पाच-दहा मिनिटांची असते. सहा ते आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात. श्वास नाकाने संथ घेत राहिलं की उमळ कमी येते. नळी श्वासनलिकेत जात नाही, त्यामुळे गुदमरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचं इन्शुलिन आणि दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

मोठ्या आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, चांगली होणं हे निम्मं रुग्णाच्या हातात असतं. दोन-तीन दिवस आधीपासून वांगी, टोमॅटो, पेरू, तीळ, पालेभाजी असं बिया आणि तंतू असलेलं काही खाऊ नका. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. दिलेली पावडर सांगितलेल्या पाण्यात मिसळून ती सगळी प्यायची, शौच पिवळसर पाण्यासारखी होईपर्यंत. अर्धी पावडर मोरीत ओतली तर डॉक्टरांना घाणीखाली गाठ दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद.

दुर्बीण कुणी टाळू नये, तेही सांगतो. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला पित्ताचा त्रास, वजन घटणं, घास अडकणं, न कळणारा रक्तक्षय, घरात कुणाला जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालेला असणं. शौचावाटे लाल रक्त आलं की बसस्टँडजवळच्या भिंतींवर रंगवलेली 'मूळव्याध-भगंदर' ही जाहिरात आठवते. चाळिशीनंतर ते रक्त मूळव्याधीचंच आहे, हे आतून बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. जाहिरातीतल्या एका इंजेक्शनच्या नादात आतड्याच्या कॅन्सरचं वर्ष वाया गेल्यावर काही उरत नाही.

उलट विशी-तिशीतल्या, वजन टिकून असलेल्या, परीक्षा किंवा नोकरीच्या ताणात पोट बिघडणाऱ्या आणि शौचाला जाऊन आलं की बरं वाटणाऱ्या मुलामुलींना पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून काही मिळत नाही. हा आतड्याच्या हालचालीचा त्रास असतो. दूध बंद करून आठवडाभर बघणं, जेवणाच्या वेळा सांभाळणं आणि झोप, यांचा त्यात औषधाइतकाच वाटा आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला पण कधीच दुखलं नाही, तर तो सहसा काढावा लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

कावीळ, पाणी आणि केळी

कावीळ हे लक्षण आहे, तिची कारणं वेगवेगळी असतात. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि म्हणूनच माळ घालणाऱ्याला आणि नाकात थेंब सोडणाऱ्याला श्रेय मिळतं. घरचं साधं जेवण, विश्रांती, दारू पूर्ण बंद आणि अनोळखी काढे बंद एवढं पुरतं. पण रुग्ण बरळायला लागला, दिवसा सारखा झोपू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा रुग्ण गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात. गरोदरपणात हिपॅटायटिस ई फार घातक ठरतो. म्हाताऱ्या माणसाची कावीळ न दुखता वाढत चालली, अंगाला खाज सुटली, शौच पांढुरकी झाली तर पित्तनलिका कुठेतरी अडली आहे, सोनोग्राफीला उशीर नको. हिपॅटायटिस बी आणि सी मात्र रक्तातून पसरतात. जत्रेतलं गोंदण, न्हाव्याचं जुनं ब्लेड, पुन्हा वापरलेली सुई ही त्यांची वाट. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बाळाला बी-ची लस जन्मापासून 24 तासांत मिळाली पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत पावरा आणि भिल्ल कुटुंबांतल्या मुलाचं पोट वारंवार दुखत असेल, डोळे पिवळट असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. या आजारात लहान वयातच पित्ताशयात खडे होतात. पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाला डागण्या देणं कुठेही दिसलं तर आशाताईंना बोलवा आणि ते थांबवा.

संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, मधूनमधून पोटात गोळा उठून गुडगुडणं असं असेल तर पोटाचा टीबी असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, बहुतेकांना सहा महिन्यांत बरं करतात, आणि पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये बँकेत येतात.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्त्यांत पाणी टाक्यांत साठून राहतं. पिण्याचं पाणी उकळा, किंवा मेडिक्लोर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. जुलाब लागले तर ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात एकदाच मिसळा आणि 24 तासांत संपवा. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी घातली तर मिठाचं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. सहा महिन्यांवरच्या मुलांना सोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस द्या.

आणि आपलं केळं. जुलाबात केळं देऊ नये असं काही घरांत मानतात, ते चूक आहे. त्यात पोटॅशियम असतं, जुलाबात नेमकं तेच शरीरातून जातं. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात जुनाट जुलाब असलेल्या लहान मुलांना शिजवलेलं कच्चं केळं दिल्यावर जुलाब लवकर आटोक्यात आल्याचं 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. केळीच्या मुलखात हे औषध प्रत्येक बांधावर आहे. फक्त ते ओआरएसच्या जोडीला द्यायचं आहे, त्याच्याऐवजी नव्हे.

एक काम आजच करा. घरातल्या आजी-आजोबांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. त्यात रोज घेतली जाणारी दुखण्याची गोळी सापडली, तर शौचाला काळं होतं का, हे त्यांना विचारा आणि ती पट्टी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.